आर्डिसचं तळं

आर्डिस ब्रेक्केला मी पन्नास वर्षं ओळखते, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. तिच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये मक्याचं एक शेत आणि क्वामचा ओढा, एवढंच अंतर. तिच्या लग्नात केक वाढायला मी होते, माझ्या नवऱ्याच्या मयताला चर्चच्या तळघरात कॉफी करायला ती होती. ती रविवारी कुठला स्वेटर घालून येणार हे मी शनिवारी सांगू शकत होते. आणि गेल्या ऑक्टोबरात, टाउन हॉलमध्ये, सगळ्या खोऱ्यासमोर ती कुबड्यांवर उभी राहून जे बोलली ते ऐकल्यावर मला कळलं की या बाईबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आर्डिसला सहाव्या वर्षी पोलिओ झाला. पाय वाळले ते वाळलेच. तेव्हापासून लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि दोन कुबड्या. त्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला खपायचं नाही. माझ्या कॅफेचं दार तिच्यासाठी उघडून धरलं की म्हणायची, "व्हर्ना, माझे हात शाबूत आहेत." आणि हात होतेही तसेच. चर्चच्या तळघरात नाताळाआधी लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, लाटायला आम्ही बायका बसायचो, तेव्हा हिची लाटलेली पोळी एवढी पातळ की पलीकडचं टेबल दिसावं. बाकीच्यांच्या पोळ्यांना काही ना काही नकाशे असायचे.

पण तिचं खरं काम म्हणजे माश्या बांधणं. ट्राउट मासा गळाला लागतो तो पिसांच्या खोट्या माशीला भुलून. टेबलाला जोडलेल्या बारीक चिमट्यात गळ अडकवायचा, त्याला कोंबड्याच्या मानेचं पीस, हरणाचे केस आणि रेशमाचा दोरा गुंडाळत जायचं, की बघता बघता जिवंत वाटेल असा किडा तयार. खोऱ्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या टोपीला आर्डिसने बांधलेल्या माश्या खोचलेल्या असत. ते तिला ओढ्यावरचे किडे औषधाच्या रिकाम्या बाटलीतून आणून देत. ती भिंगातून बघायची आणि मग प्रश्नांवर प्रश्न. कुठल्या वळणावर सापडला? तिथे सावली असते का? पाणी गुडघ्याला लागतं की मांडीला? पायाला किती गार लागतं? पुरुष वैतागून म्हणायचे, "गार म्हणजे गार, आर्डिस. अजून काय सांगणार?" आम्हाला वाटायचं, माशी नीट जमावी म्हणून विचारते.

तिचा नवरा ऑर्लिन. गायींशी जास्त बोलणारा, माणसांशी कमी. गायी विकल्यावर तर बोलायचं कुणाशी हाच त्याला प्रश्न पडला असावा. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी ट्राउटचा हंगाम सुरू होतो, त्या दिवशी उजाडायच्या आत जो पहिला माणूस ओढ्यात उभा असे तो ऑर्लिन. मासेमारांचं मंडळ त्यानेच उभं केलं. ढासळलेल्या काठांना दगड लावा, माशांना दडायला काठाखाली फळ्यांची ओवरी करा, ओढ्यावर पडलेली झाडं ओढून काढा, असे त्याचे सगळे शनिवार गेले. एवढं करूनही त्याच्या शेताखालच्या भागात ट्राउट दर वर्षी कमीच होत गेला. ऑर्लिन त्याचा दोष मक्याला द्यायचा, पाणमांजरांना द्यायचा, बगळ्यांना द्यायचा, शिकागोहून येणाऱ्या लोकांना तर द्यायचाच.

आता तळ्याचं सांगते. लग्नाला सातआठ वर्षं झाल्यावर ऑर्लिनने आर्डिसला आठवडाभर बहिणीकडे धाडलं आणि मेहुण्याचा बुलडोझर आणून घरामागच्या झऱ्यावर तळं खणलं. झऱ्याचं पाणी आधी थेट ओढ्याला मिळायचं. आता ते तळ्यात साठून बांधातल्या पाईपमधून ओढ्यात पडायला लागलं. घराच्या मागच्या दारापासून तळ्यापर्यंत त्याने फळ्यांची वाट केली, काठावर आर्डिसच्या उंचीचं बाक केलं, बाकाला कठडा. ओढ्यावर तिला जाता येत नाही, तर मासे तिच्या दारात आणायचे. आर्डिस परत आली तेव्हा सगळं खोरं तिथे जमलं होतं. मी केक केला होता. बायका डोळे पुसत होत्या. आर्डिस कुबड्यांवर उभी राहून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरीच मेहनत घेतलीस."

आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. आम्ही केक कापला.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट नसते. तोंडावर कुणी कुणाला नाही म्हणत नाही. नॉर्वेहून आमचे आजे-पणजे बोटीत बसून आले तेव्हा सामानात हा गुण बांधून आणला असावा. एका गृहस्थाचं कोठार त्याच्या साडूने चुकून जांभळट रंगवलं, तर हा मरेपर्यंत म्हणत राहिला की लांबून ओळखू येतं. मांस-बटाट्यांच्या हॉटडिशमध्ये मीठ दुप्पट पडलं तरी आम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतो आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी पितो. मला या स्वभावाचा आयुष्यभर राग येत आला आहे आणि मी स्वतः तशीच आहे.

तर दोन वर्षांपूर्वी ब्रेक्केंच्या खालचं शेत ग्रेग पावलाक नावाच्या शिकागोच्या दातांच्या डॉक्टरने घेतलं. निवृत्त होऊन बायकोबरोबर राहायला आला. त्याला ओढ्यालगत मोठं तळं हवं होतं, मध्ये लाकडी धक्का, नातवंडांना पोहायला जागा. त्याने काय करावं? रीतसर अर्ज केला. आमच्या खोऱ्यात इतकी तळी आहेत, पण अर्ज करून खणायला निघालेला हा पहिलाच प्राणी. साप्ताहिकात जाहीर सूचना आली की कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत राज्याच्या जलखात्याला कळवावी.

कॅफेत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. तळ्याचं पाणी उन्हात तापणार, तापलेलं पाणी ओढ्यात उतरणार, उरलेसुरले ट्राउट संपणार. सगळ्यांचं एकमत. मग दार उघडून पावलाक आत आला, तर सगळे म्हणाले, छान बेत आहे तुमचा. मी त्याला रुबार्बच्या पायचा, म्हणजे आंबटगोड सारण भरलेल्या भाजक्या पोळीचा, तुकडा कापून दिला, वर आइस्क्रीमसुद्धा घातलं. तो गेल्यावर मी विचारलं, हरकत लिहिणार कोण? एकाने साखर मागितली, दुसऱ्याने बिल. शेवटी कोपऱ्यातून ऑर्लिन कपात बघत म्हणाला, "मी लिहिलीय. सुनावणी मागितलीय."

या खोऱ्यात शेजाऱ्याविरुद्ध कागदावर कुणी काही लिहिल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला ऑर्लिनचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी त्याच्याकडून नाश्त्याचे पैसे घेतले नाहीत.

खात्याने तपासणीला मायली मोआ नावाची तरुण बाई पाठवली. वौसॉ शहराकडच्या, आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग लोकांच्या घरातली, बारीक चणीची, कंबरेपर्यंतचे रबरी बूट घालून दिवसभर ओढ्यात. पाण्याचं तापमान टिपणाऱ्या नळ्या तिने ओढ्यात जागोजागी लावल्या, उन्हाळाभर राहू द्यायच्या म्हणून. ऑर्लिन तिच्याबरोबर गज आणि हातोडा घेऊन हिंडला. स्वतःच्या झऱ्यावर आणि तळ्याच्या पाईपखालीही त्यानेच आग्रहाने नळ्या लावायला लावल्या. म्हणाला, चांगलं पाणी कसं असतं ते तुमच्या साहेबांना कळू दे. आर्डिसने त्या मुलीला लिंबू सरबत दिलं आणि तिलाही तेच विचारलं, पाणी पायाला किती गार लागतं. मोआने आपले रबरी बूट दाखवून सांगितलं की तिच्या पायापर्यंत पाणी पोचतच नाही. आर्डिस खूप हसली. एवढी हसण्यासारखी काय गोष्ट आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी टाउन हॉलमध्ये सुनावणी झाली. एका बाजूला बर्फ काढायची गाडी उभी असते, दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्या, मागे कॉफी आणि खजुराच्या वड्या. सगळं खोरं आलं होतं. पावलाक इस्त्रीचा शर्ट घालून पुढे, ऑर्लिन धुतलेला ओव्हरऑल घालून दुसऱ्या टोकाला, शेजारी आर्डिस.

मोआ उभी राहिली आणि तिने साध्या शब्दांत सांगितलं. वरच्या अंगाला ओढा थंड आहे. ब्रेक्केंच्या झऱ्यातून निघणारं पाणी तर त्याहून थंड. तेच पाणी तळ्यातून बाहेर पडतं तेव्हा कोमट झालेलं असतं, आणि तिथून खाली मैलभर ओढ्यात ट्राउटचं पिल्लू जगू शकत नाही.

"मिस्टर पावलाक यांचं तळं अजून खणलेलं नाही," ती म्हणाली. "ओढा तापलाय तो आधीच. आता आणखी ऊन त्याला सोसणार नाही. म्हणून त्यांना परवानगी देता येत नाही."

म्हणजे ऑर्लिन जिंकला होता. माझ्या पायाखालची जमीन सरकली, तर त्याच्या पायाखाली काय राहिलं असेल? चाळीस वर्षं हा माणूस ओढ्याला दगड लावत होता आणि चाळीस वर्षं त्याचंच तळं वरून कढत पाणी सोडत होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथे तर मुसळाभोवती आम्ही सगळ्यांनी केक खाल्ला होता. बरं, खूण नव्हती असंही नाही. त्या तळ्यात ऑर्लिन वसंतात ट्राउट आणून सोडायचा आणि ऑगस्टात ते पोट वर करून तरंगायचे. आम्ही म्हणायचो, बगळ्याने घाबरवलं असेल. इतके आम्ही शहाणे.

ऑर्लिनने हळूच विचारलं, "आणि माझ्या तळ्याचं काय?"

मोआने सांगितलं की ते नियम यायच्या आधीचं आहे. त्याला हात लावला नाही तर खातं काही म्हणणार नाही. मग कुणीतरी म्हणालं, यंदा मका लवकर पिकला, आणि सगळे उठून वड्यांकडे गेले. मोआ जे बोलली ते जणू दुसऱ्याच कुठल्या ओढ्याबद्दल होतं. मला इतका संताप आला की मी दोन वड्या उभ्याउभ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पावलाक कॅफेत आला. रागावलेला नव्हता, चक्रावलेला होता. "व्हर्ना, किडलेला दात तसाच ठेवून मी शेजारचा चांगला दात उपटला असता ना, तर लोकांनी मला दवाखान्यातच झोडपलं असतं," म्हणाला. मी त्याला रुबार्बच्या पायचा तुकडा दिला. दुसरं काय देणार?

त्यानंतर ऑर्लिन ओढ्यावर जाईना. शनिवारी दगड उचलायला मंडळाची माणसं जमायची आणि ऑर्लिनविना काय करायचं ते न सुचून परत जायची. मग एक दिवस तो कॅफेत येऊन म्हणाला की तळं फोडून झरा पुन्हा ओढ्याला जोडणार. मी विचारलं, मग थांबलायस कशाला? तर म्हणे, परवाना लागतो. मी म्हटलं, कशाचा? तळं मोडायचा. मला वाटलं थट्टा करतोय. खणताना या माणसाला कुणी काही विचारलं नाही आणि बुजवायला निघाला तर अर्ज, जाहीर सूचना, महिनाभर हरकती. मोआने नंतर समजावलं की बांध एकदम फोडला तर तळाचा सगळा गाळ ओढ्यात जाऊन उरलेली अंडीही गुदमरतील, म्हणून देखरेखीखाली हळूहळू उपसावं लागतं. पटलं मला, पण डोकं ताळ्यावर यायला वेळ लागला.

"आर्डिस काय म्हणते?" मी ऑर्लिनला विचारलं.

"म्हणाली, तुझी मर्जी."

तुझी मर्जी म्हणजे आमच्याकडे काय ते मला ठाऊक होतं. बिचारी मनातून मोडली असणार. रोज दुपारी ती त्या बाकावर बसते, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची लाल टोपी दिसते. तिच्याकडे आयुष्यात दुसरं आहे काय? मी हे दोघींतिघींना बोलले. आणि मग जे झालं ते आमच्या खोऱ्यात कधी झालं नव्हतं. पावलाकच्या तळ्याविरुद्ध ज्यांनी एक ओळ लिहिली नाही त्या सगळ्यांनी ऑर्लिनच्या अर्जावर हरकती पाठवल्या. चर्चच्या बायकांनी, मंडळाच्या पुरुषांनी, दूध संकलनाच्या ड्रायव्हरनेसुद्धा. मीही माझ्या हाताने लिहिलं की या तळ्यात एका अपंग बाईचा जीव गुंतलेला आहे, आणि माशांपेक्षा माणूस मोठा. फार छान लिहिलंय असं मला वाटलं होतं.

ऑक्टोबरात पुन्हा सुनावणी. तोच हॉल, त्याच खुर्च्या, यावेळी भोपळ्याच्या वड्या. मोआने हरकती एकेक करून वाचून दाखवल्या. प्रत्येकीत आर्डिसचं नाव. आर्डिसचा विसावा, आर्डिसचा आनंद, आर्डिसची एकुलती एक करमणूक. ऑर्लिन मान खाली घालून बसला होता. ओढा वाचवावा तर बायकोचं सुख जातं आणि सुख राखावं तर ओढा मरतो, अशा कात्रीत तो महिनाभर झिजला होता. ओव्हरऑलचे पट्टे खांद्यावरून घसरत होते.

तेवढ्यात कुबड्या वाजल्या. आर्डिस उठत होती. ऑर्लिन हात द्यायला गेला, तिने कोपराने बाजूला सारलं.

"मला कुणी विचारलंत का?" ती म्हणाली.

मोआने हातातली पत्रं टेबलावर ठेवली.

"एवढी पत्रं आणि सगळ्यांत मी. एकीनेही फोन करून विचारलं नाही. व्हर्ना, तू तर रोज फोन करतेस."

माझे कान तापले. तिने हॉलभर नजर फिरवली आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"मला ते तळं कधीच नको होतं, ऑर्लिन."

ऑर्लिनने मान वर केली.

"मला ओढ्यावर जायचं होतं. लग्नाआधी तूच म्हणाला होतास, पाठुंगळी घेऊन जाईन म्हणून. मी वाट बघत होते. आणि मग बहिणीकडून परत येते तर तू तळं खणून ठेवलेलं. अख्खं खोरं ताटल्या घेऊन उभं. तेव्हा काय म्हणायला हवं होतं मी? नको म्हणून?" तिने कुबड्या सावरल्या. "त्या दिवसापासून सगळ्यांच्या लेखी माझी सोय झाली. कुणाला मला कुठे न्यायला नको. तू दर शनिवारी ओढ्यावर, आणि मी त्या डबक्यावर. माझी प्रत्येक माशी त्या पाण्यात जाऊन आली. मी नाही गेले."



"फोडा ते," ती मोआकडे वळून म्हणाली. मग खाली बसली, कुबड्या मांडीवर आडव्या घेतल्या. "आता कुणीतरी मला कॉफी द्या."

कॉफी मीच नेली. मला तिच्याकडे बघवेना. खिडकीतून रोज दिसणारी ती लाल टोपी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी ती बघून दर दिवशी मनात म्हणत आले होते, बघा किती सुखात बसली आहे. लाज वाटली, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर आर्डिसचाही राग आला. अगं बाई, एकदा बोलली असतीस तर? पण बोलली असती तर आम्ही काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. म्हटलं असतं, थकली असेल, आणि केकचा आणखी एक तुकडा वाढला असता.

सुनावणी संपल्यावर मी हॉलच्या मोरीत कप विसळत होते. खिडकीतून ब्रेक्केंचा ट्रक दिसत होता. दोघं आत बसली होती आणि ट्रक हलत नव्हता. सगळे कप विसळून, पुसून, कपाटात लावून झाले तरी ट्रक तिथेच. ते काय बोलले ते मला माहीत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी विचारलंही नाही. दोन दिवसांनी ऑर्लिन कॅफेत येऊन नेहमीच्या खुर्चीत बसला. अंडी गार झाली तरी हात लावला नाही.

"मला वाटायचं ती तिथे खूश असते," तो म्हणाला.

"मलाही," मी म्हटलं.

नोव्हेंबरात बांध फोडला. मोआ रोज यायची, थोडं थोडं पाणी सोडायची, गाळ अडवायला गवताच्या गासड्या लावायची. पावलाक कॉफीचा थर्मास घेऊन बघायला उभा असायचा. आपलं तळं नाकारलं गेलं म्हणून त्याने मनात काही ठेवलं असेल असं मला वाटत होतं, पण तो सगळ्यांना कॉफी ओतत होता. तळं रिकामं झालं तेव्हा मधोमध झरा उकळल्यासारखा वर येताना दिसला. चाळीस वर्षांत तो जराही दमला नव्हता. ऑर्लिनने बाक उपटून कोठारात टाकलं. फळ्यांची वाट आर्डिसने ठेवायला सांगितली, तिथून झऱ्याचा आवाज जवळ येतो म्हणाली.

एप्रिलमध्ये एका सकाळी आर्डिस कॅफेत आली आणि माझ्या काउंटरवरच्या फोनवरून तिने पावलाकला फोन लावला. म्हणाली, "मिस्टर पावलाक, तुमच्या कुरणापाशी ओढ्याचा काठ सपाट आहे. मला तिथून पाण्यात उतरायचंय. ट्रक आणावा लागेल, गवत चिरडेल. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा." पलीकडून पावलाकच्या हसण्याचा आवाज मला काउंटरपर्यंत ऐकू आला. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सोपं असतं गं हे."

मे महिन्यातला पहिला शनिवार. खोऱ्यातले सगळे पुरुष अंधारातच ओढ्यावर गेले. ऑर्लिन गेला नाही. ऊन वर आल्यावर तो आर्डिसला ट्रकमधून पावलाकच्या कुरणात घेऊन आला. मी त्यांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन गेले होते, ती उथळ पाण्यात दगडांवर टेकवली. मला वाटलं आर्डिस कुबड्या टेकत येईल. तर हा पंचाहत्तरीचा, गुडघे गेलेला म्हातारा ट्रकच्या दारापाशी पाठ करून खाली वाकला आणि म्हणाला, "चल, चढ."

दोघंही तोंडावर पडणार, आणि मला एकटीला दोघांना उचलावं लागणार. पावलाक धावत पुढे झाला, तर आर्डिसने पाठीवरूनच त्याला हाताने थांबवलं. ऑर्लिनचे पाय थरथरत होते, मान लाल झाली होती. एक पाऊल, मग उभा राहायचं, मग दुसरं. पण तो पडला नाही. त्याने तिला खुर्चीत बसवलं, पाण्यात गुडघे टेकले, तिच्या बुटांच्या पट्ट्या सोडवल्या, मोजे काढले. तिचे ते काडीसारखे पांढरे पाय मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा बघत होते. पोलिओने त्यांतलं बळ नेलं होतं, पण स्पर्श तिला पुरता कळायचा. ऑर्लिनने एकेक पाय अलगद पाण्यात ठेवला.

आर्डिसने श्वास आत ओढला तो सोडेचना. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मी घाबरले. मग ती हळूच म्हणाली, "इतकं गार असतं हे?"

"हो," ऑर्लिन म्हणाला.

"आणि मी विचारायचे तेव्हा सगळे म्हणायचे, गार म्हणजे गार."

ऑर्लिनने गळाची काठी तिच्या हातात दिली. तिनेच बांधलेली माशी, तिनेच टाकली. पहिल्यांदा ती काठच्या विलोच्या झाडाच्या फांदीत अडकली, दुसऱ्यांदा पावलाकच्या टोपीत. तिसऱ्यांदा नीट पाण्यावर उतरली आणि वाहत गेली. मासा काही लागला नाही. मोआ म्हणते, या भागात ट्राउट परत यायला काही वर्षं जातील. आर्डिस माशी आत ओढायची, पुन्हा टाकायची. तिचे पाय निळे पडायला लागले तेव्हा ऑर्लिनने विचारलं, "बास झालं का? निघायचं?"

"नाही," आर्डिस म्हणाली.

ऑर्लिन कपड्यांसकट तिच्याशेजारी पाण्यात बसला.